मंजिष्ठेचा लाल: चार तुकडे, एक पातेलं आणि एक वही

पहिल्यांदा मंजिष्ठा उकळली तेव्हा लाल मिळण्याऐवजी विटकरी-तपकिरी मिळाला. मी मुळाला दोष दिला, पुढच्या खेपेला दुप्पट मूळ घातलं, आणि तपकिरी आणखी गडद झाला. चूक मुळाची नव्हती, आचेची होती. कळायला तीन पातेली वाया गेली, कारण दर वेळी मी एकदम तीन गोष्टी बदलत होतो. म्हणून इथे एकच कापड चार तऱ्हांनी तयार करून एकाच पातेल्यात रंगवायची पद्धत देतो आहे. फरक कशामुळे पडला ते डोळ्यांनी दिसतं.

आधी मूळ कोणतं ते बघा. युरोपातली मंजिष्ठा म्हणजे रुबिया टिंक्टोरम. तिच्या मुळात मुख्यतः अलिझरीन हा लाल रंग देणारा घटक असतो. आपल्याकडची रुबिया कॉर्डिफोलिया, तिच्यात अलिझरीन फार थोडं, परप्युरिन आणि मंजिस्टिन हे दुसरे रंगघटक जास्त. जुन्या कापडाचा तीन-चार मिलिमीटर धागा घेऊन एचपीएलसी या, द्रावणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रात या घटकांचं प्रमाण मोजलं, की रंग कोणत्या जातीचा असावा याचा अंदाज संशोधकांना बांधता येतो. अलिझरीन मुळातून वेगळं काढलं गेलं 1826 मध्ये. 1868 मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी ते प्रयोगशाळेत बनवलं. पुढच्या वर्षी त्यांच्या गटाचा पेटंट-अर्ज इंग्रज रसायनशास्त्रज्ञ विल्यम पर्किनच्या अर्जाच्या एकच दिवस आधी पोचला, आणि काही वर्षांत मंजिष्ठेची शेती बसली. आपल्याला पुरतं एवढंच, की दोन्ही मुळांचा लाल सारखा येणार नाही. पुडीवर जातीचं नाव असेल तर वहीत लिहून ठेवा.

कापड धुणं

पांढरं सुती कापड 100 ग्रॅम घ्या आणि 25 ग्रॅमचे चार तुकडे करा. खुणेसाठी काठाला कात्रीनं खाचा पाडा, एकाला एक, दुसऱ्याला दोन, अशा. शाई टिकत नाही. मग भरपूर पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून तासभर उकळा. कोऱ्या, स्वच्छ दिसणाऱ्या कापडाचंही पाणी चहासारखं पिवळं होतं. ती खळ आणि मेण. ते तसंच राहिलं तर रंग ठिपक्याठिपक्यांनी बसतो.

रंगबंधक

खरा खेळ इथे आहे. मंजिष्ठेचा रेणू सुताला स्वतःहून नीट धरत नाही. मध्ये धातू लागतो, तो ॲल्युमिनियम तुरटीतून येतो. पण सूत तुरटीलाही फारसं धरत नाही, म्हणून आधी टॅनिन, म्हणजे हिरडा. लोकरीला हिरड्याची गरज पडत नाही, तिच्या प्रथिनांत धातू आपसूक अडकतो.

एक खाच: काहीच नाही.
दोन खाचा: फक्त तुरटी.
तीन आणि चार खाचा: हिरडा, मग तुरटी.

शेवटच्या दोन तुकड्यांसाठी 10 ग्रॅम हिरडापूड गरम पाण्यात भिजवा, गाळा, तुकडे रात्रभर त्यात ठेवा. सकाळी पिळून वाळवा, खळबळू नका. तुरटी 15 ग्रॅम (तुरटी लागणाऱ्या तीन तुकड्यांच्या, म्हणजे 75 ग्रॅमच्या 20 टक्के) कोमट पाण्यात विरघळवा आणि 4 ग्रॅम धुण्याचा सोडा चिमटीचिमटीनं टाका. फसफसून वर येतं, म्हणून भांडं मोठं घ्या. या पाण्याचा तिसरा हिस्सा वेगळ्या भांड्यात काढून त्यात दोन खाचांचा तुकडा भिजवा. एकत्र ठेवलात तर हिरड्याचं पाणी त्याला लागेल आणि तुलना संपली. रात्रभर ठेवून हलकंच खळबळा.

रंगाचं पातेलं

मंजिष्ठेची पूड 100 ग्रॅम. भरताना नाकाला फडकं बांधा, आणि रंगाचं स्टीलचं पातेलं पुन्हा स्वयंपाकात आणू नका. युरोपीय मंजिष्ठेतला ल्युसिडिन हा घटक प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत जनुकांना इजा करणारा ठरला आहे.

पूड रात्रभर भिजवा. पाणी फार मऊ असेल, पावसाचं वगैरे, तर चिमूटभर खडूची पूड घाला. लाल खुलायला कॅल्शियमही लागतं. चारही ओले तुकडे थंड पाण्यातच सोडा आणि आच अशी ठेवा की 60 ते 65 अंशांवर पोचायला तास लागेल. थर्मामीटर लावाच. 70 च्या वर मुळातले तपकिरी घटक सुटू लागतात. त्याच आचेवर आणखी तासभर ठेवा, मधूनमधून हलवा, गार होईपर्यंत आतच राहू द्या.

काटेकोर शास्त्र पाहिलं तर चार वेगळी पातेली हवीत, कारण थोडी तुरटी पाण्यातून कोऱ्या तुकड्यालाही लागते. पण चार पातेल्यांची आच एकसारखी राखणं मला तरी जमलेलं नाही.

चार खाचांच्या तुकड्याला आता हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, द्यायचा आहे. लागतो अर्धा ग्रॅम, घरच्या काट्यावर तो मोजता येत नाही. म्हणून 5 ग्रॅम हिराकस लिटरभर पाण्यात विरघळवा आणि त्यातलं 100 मिलिलिटर एका भांडंभर पाण्यात मिसळा. दोन-तीन मिनिटांत लाल डोळ्यांदेखत जांभळट-तपकिरी होतो. लगेच काढून धुवा. लोखंड जास्त झालं तर सूत काही वर्षांत जागच्या जागी विरतं.

तपासणी

सौम्य साबणानं धुऊन सावलीत वाळवा. कोरा तुकडा फिकट गुलाबी राहतो, तुरटीचा बरा, हिरडा-तुरटीचा सगळ्यांत भरदार. हिरड्याची पिवळट झाक त्यात असतेच, त्यामुळे तो लाल थोडा उबदार दिसतो.

धुण्याच्या चाचणीसाठी प्रत्येक तुकड्याच्या चिंधीला पांढरी पट्टी शिवून धुवा. पट्टी किती रंगली ते बघायचं. प्रयोगशाळेत हेच करड्या रंगाच्या 1 ते 5 श्रेणीशी ताडतात. उन्हासाठी चिंधी अर्धी जाड पुठ्ठ्याखाली झाकून खिडकीत ठेवा, शेजारी हळदीत बुडवलेली एक चिंधी. हळद काही दिवसांतच उडते. तिच्या तुलनेत मंजिष्ठा किती टिकते ते दोन आठवड्यांनी पुठ्ठा उचलून बघा आणि तारीख लिहा.

उरलेल्या टोकावर एका बाजूला लिंबाचा थेंब, दुसऱ्या बाजूला सोड्याच्या पाण्याचा थेंब टाका. लिंबाकडे रंग पिवळ्या-नारिंगीकडे झुकतो, सोड्याकडे जांभळ्याकडे. रंगवलेला कपडा कडक सोड्याच्या पावडरीत का टाकायचा नाही, ते त्या दोन डागांत दिसतं. ती चिंधीसुद्धा वहीत चिकटवा.