स्पॅनिश मेन्यूचं इंग्रजी करताय? या चुका टाळा

स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाकडच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या रेस्टॉरंटचा मेन्यू मी इंग्रजीत केला होता. माझे सुरुवातीचे दिवस. त्यात एक ओळ होती, 'आरोस मेलोसो दे काराबिनेरोस'. 'मिएल' म्हणजे मध, म्हणून 'मेलोसो' म्हणजे मधाळ, असा सरळ हिशेब करून मी 'हनीड राइस' लिहून मोकळी झाले. महिन्याभरानं मालकाची मेल आली. इंग्रज गिऱ्हाइकं विचारतायत, भातात मध कुठे आहे? आणि ज्यांना कोळंबीबरोबर मध नको, ते ती ओळ सोडून सरळ पुढे जातायत. त्याच्या हातचा सगळ्यात चांगला पदार्थ माझ्या एका शब्दामुळे पडून होता.

व्हॅलेन्सियाच्या भाताच्या ढोबळ तीन तऱ्हा. 'सेको' म्हणजे मोकळा, पसरट कढईत केलेल्या पाएयासारखा. 'काल्दोसो' म्हणजे भरपूर रस्सा असलेला, चमच्यानं खायचा. आणि मधला तो 'मेलोसो'. त्याला मराठीत नेमका शब्द आहे: आसट. तो मला तेव्हा सुचला असता तर मध आलाच नसता. पण इंग्रजीत आसटला एकच एक शब्द नाही. 'क्रीमी' लिहिलं तर दूध न चालणारी माणसं बिचकतात, कारण त्यांना त्यात साय दिसते. 'रिसोटो-स्टाइल' लिहिलं की व्हॅलेन्सियाचा स्वयंपाकी भडकतो, आणि त्याचंही बरोबरच आहे. आता मी लिहिते: 'सॉफ्ट, सॉसी राइस विथ लार्ज रेड प्रॉन्स, कुक्ड इन देअर ओन स्टॉक'. काराबिनेरो म्हणजे ती मोठी, गडद लाल कोळंबी. तिच्या डोक्यातल्या रसातच सगळी चव असते, म्हणून स्टॉकचा उल्लेख हवा. तसंच 'काल्दोसो'ला 'सूपी' म्हणू नका. इंग्रजीत भात 'सूपी' झाला म्हणजे बिघडला. 'ब्रॉथी' म्हणा. आणि पाएयाच्या तळाशी धरलेली ती कुरकुरीत खरवड, 'सोकारात', तिला 'बर्न्ट राइस' म्हणणं म्हणजे स्वतःच्या हातानं दुकान बंद करणं. 'क्रिस्प, टोस्टेड क्रस्ट' म्हटलं की तीच खरवड लोक मागून घेतात.

नावाचा अर्थ लावत बसू नका

'रोपा बिएहा' म्हणजे शब्दशः जुने कपडे. 'ब्रासो दे हितानो' म्हणजे जिप्सीचा हात. 'तोसिनो दे सिएलो' म्हणजे स्वर्गातली डुकराची चरबी. हे असंच्या असं छापलेले मेन्यू स्पेनच्या पर्यटन गावांत आजही सापडतात, आणि लोक त्यांचे फोटो काढून हसतात. आपण हसताना जरा जपून. मासवडीत मासा नसतो आणि डाळिंबी उसळीत डाळिंब नसतं. या दोघींचं इंग्रजी आपल्याकडच्या हॉटेलांनी काय करावं, याचा विचार करून बघा.

नाव ठेवायचं आणि त्याच्याच बाजूला ताटात काय येणार ते सांगायचं, एवढाच यावरचा इलाज आहे. पण सांगण्याआधी स्वयंपाकघरात विचारायचं. क्यूबन रोपा बिएहा म्हणजे मंद शिजवून धागे धागे केलेलं बीफ, ढोबळी मिरची नि टोमॅटोबरोबर. कॅनरी बेटांवरच्या रोपा बिएहात मात्र काबुली चणे असतात. नाव एक, ताटं दोन. तोसिनो दे सिएलोत डुकराचा अंशही नाही. तो अंड्याचा पिवळा बलक आणि साखरेच्या पाकाचा, चकचकीत, घट्ट गोड पदार्थ. शेरी वाइन नितळ करायला दक्षिण स्पेनमधल्या हेरेसच्या दारूभट्ट्या अंड्याचा पांढरा भाग वापरत, उरलेले बलक मठातल्या जोगिणींकडे जात आणि त्यातून हा पदार्थ निघाला, असं सांगतात. इंग्रजीत 'सिल्की एग-योक अँड कॅरमेल कस्टर्ड' म्हटलं की डुक्कर न खाणारा माणूसही निर्धास्त मागवतो. 'ब्रासो दे हितानो' तर निव्वळ स्विस रोल. तिथे जिप्सीला इंग्रजीत आणण्यात चव नाही, उलट अपमान आहे.

दुसरा सापळा, एकाच शब्दाचे दोन अर्थ. 'बोनितो' म्हणजे सुंदर, पण मेन्यूत तो मासा आहे, ट्यूनाच्या जातीतला. 'कायोस' म्हणजे पायाला पडलेली भोवरी आणि वजडीसुद्धा. 'ग्वार्निसिओन' म्हणजे लष्कराची शिबंदी, आणि ताटातलं तोंडीलावणंही. 'प्लांचा' म्हणजे कपड्यांची इस्त्री आणि तापलेला सपाट तवा. 'प्रेसा' म्हणजे शिकार, 'प्लूमा' म्हणजे पीस आणि 'सेक्रेतो' म्हणजे गुपित, पण मांसाच्या यादीत हे तिन्ही इबेरियन डुकराचे खास कट आहेत. सगळ्यात भयंकर 'रापे'. हा एक चविष्ट मासा, इंग्रजीत मंकफिश. त्याचं स्पॅनिश नाव रोमन लिपीत तसंच ठेवलं तर इंग्रजी वाचणाऱ्याला तिथे बलात्काराचा शब्द दिसतो. ही चूक एकदा छापली गेली की माफी मागूनही उपयोग नसतो.

भाषांतर करणाऱ्या मशीनला हे कळत नाही असं आता सरसकट म्हणता येणार नाही. पूर्ण वाक्य दिलं तर भाषांतर बऱ्याचदा बरोबर येतं. पण मेन्यूत वाक्य नसतंच. 'बोनितो कोन तोमाते', संपलं. संदर्भच नाही तर यंत्र काय करणार?

विशेषणांचा मसाला

आता एक ओळ जवळून बघू. अशा ओळी प्रत्येक बऱ्यापैकी रेस्टॉरंटात असतात:

'कारियेरा इबेरिका कोसिनादा अ फुएगो लेन्तो कोन मिमो, सोब्रे कामा दे पार्मेन्तिएर त्रुफादो इ रेदुक्सिओन दे पेद्रो हिमेनेस'.

शब्दाला शब्द ठेवला तर: मंद आचेवर लाडानं शिजवलेला इबेरियन गाल, ट्रफल घातलेल्या पार्मेन्तिएरच्या बिछान्यावर, सोबत पेद्रो हिमेनेसची घट. स्पॅनिशमध्ये हे कानाला गोड लागतं. इंग्रजीत मात्र वाचणाऱ्याला चार प्रश्न पडतात: गाल कोणाचा? पार्मेन्तिएर काय? पेद्रो कोण? आणि बिछाना कशाला?

एकेक घेऊ. गाल डुकराचा, हे लिहायलाच हवं. स्पेनमध्ये 'इबेरिको' म्हटलं की डुक्कर आलंच, बाहेरच्याला ते कसं कळणार? 'कोन मिमो' म्हणजे मायेनं. मराठीत शोभेल, पण इंग्रजी मेन्यूत 'विथ लव्ह' इतकं वापरून झालंय की ते कोणी वाचतही नाही. ते काढा आणि त्या जागी स्वयंपाक्याला विचारा, किती तास? तो 'सहा' म्हणाला तर 'ब्रेझ्ड फॉर सिक्स अवर्स' लिहा. पाणी सुटतं ते आकड्यानं, मायेनं नाही. 'कामा' म्हणजे बिछाना. 'ऑन अ बेड ऑफ' ही इंग्रजीतली जुनी फॅशन, तिथे एक स्वल्पविराम पुरतो. स्पॅनिश मेन्यूतलं 'पार्मेन्तिएर' म्हणजे मऊसूत बटाटा प्युरे. पण फ्रेंच पद्धतीच्या जेवणाची सवय असलेल्याला त्या नावानं खिम्यावर बटाट्याचा थर दिलेला भाजलेला पदार्थ आठवतो. पेद्रो हिमेनेस ही द्राक्षाची जात आणि तिच्यापासून केलेली काळीभोर, गोड शेरी. 'रेदुक्सिओन' म्हणजे ती आटवून केलेला घट्ट रस. ट्रफल म्हणजे महागडी, सुवासिक बुरशी. ती खरी आहे की तिच्या वासाच्या तेलाचे थेंब, हेही विचारून घ्या. नुसतं तेल असेल तर तसं लिहा.

हाती येतं: 'इबेरिको पोर्क चीक ब्रेझ्ड फॉर सिक्स अवर्स, ट्रफल्ड पोटॅटो प्युरे, स्वीट शेरी ग्लेझ'. मूळ ओळीपेक्षा आखूड, आणि तोंडाला पाणी आणणारी.

पोताचे शब्द वेगळे जपायचे. 'तोर्तिया हुगोसा' म्हणजे रसदार नाही. बटाट्याचं ते जाड ऑम्लेट आतून थोडं वाहतं ठेवलेलं, म्हणून 'सॉफ्ट इन द मिडल'. 'उन्तुओसो' म्हणजे स्निग्ध, मखमली. त्याला स्पॅनिशमध्ये कौतुकाचा रंग आहे, इंग्रजीतल्या 'अंक्चुअस'नं मात्र पुष्कळांना तेलकट, लाळघोटा माणूस आठवतो. 'एन्सालादा तेम्प्लादा' म्हणजे 'वॉर्म सॅलड'. त्याला 'टेम्पर्ड' म्हटलं की आपल्याला फोडणी दिलेलं वाटेल आणि इंग्रजाला काहीच वाटणार नाही.

आपलं इंग्रजी हीच अडचण

हा भाग खास आपल्यासाठी, म्हणजे मराठी घरात वाढून स्पॅनिश शिकलेल्यांसाठी. आपल्या तोंडात बसलेलं इंग्रजी भारतीय आहे आणि ते वाईट अजिबात नाही. पण मेन्यू वाचणारा माणूस इंग्लंडमधल्या लीड्सचा किंवा अमेरिकेतल्या शिकागोचा असतो. 'बेरेन्हेना'ला आपण सहज 'ब्रिंजल' लिहितो. लीड्सला 'ओबर्जिन' हवं, शिकागोला 'एगप्लांट'. दोन्हीकडचे येत असतील तर कुठलंही एक धरा, पण मेन्यूभर तेच ठेवा. 'कोर्देरो' म्हणजे लॅम्ब. आपलं 'मटण' बहुतेक वेळा बोकडाचं, आणि बोकडाच्या करडाला स्पॅनिशमध्ये 'काब्रितो' असा वेगळा शब्द आहे.

यातली धोकादायक चूक एकच, ती म्हणजे 'फ्रुतोस सेकोस'. आपला हात आपोआप 'ड्राय फ्रूट्स'कडे जातो, कारण सुका मेवा म्हणजे काजू-बदाम हे आपल्या डोक्यात पक्कं. ब्रिटिश माणूस मात्र 'ड्राय फ्रूट' वाचून मनुका, जर्दाळू समजतो. पदार्थात असतात बदाम किंवा हेझलनट, आणि टेबलावर बसलेल्याला नट्सची ॲलर्जी असते. तिथे सरळ 'नट्स' लिहा, शक्य तर कुठले तेही. ईशान्य स्पेनमधल्या कातालुन्याच्या 'रोमेस्को' सॉसमध्ये बदाम किंवा हेझलनट असतातच, आणि तिथल्या 'पिकादा'च्या वाटणातही ते येतात. नुसतं नाव ठेवलं तर हे कुणाला दिसत नाही. युरोपीय संघाच्या २०११ च्या ११६९ क्रमांकाच्या नियमानुसार, १३ डिसेंबर २०१४ पासून रेस्टॉरंटांनाही १४ ॲलर्जेनची माहिती देणं बंधनकारक आहे. भाषांतराच्या ओघात त्यातलं एखादं गळालं तर त्याला शैली म्हणत नाहीत.

भाषांतरात बढती देऊ नका

'गुलास' म्हणजे ईल माशाची पिल्लं नव्हेत. ती 'आंगुलास', आणि ती चांदीच्या भावानं विकली जातात. 'गुलास' ही माशाच्या लगद्यापासून तशीच दिसणारी नक्कल आहे, स्वस्त आणि लसणाच्या तेलात छान लागणारी. त्यांना 'बेबी ईल्स' लिहिलं की रेस्टॉरंट खोटं बोलतंय असा अर्थ होतो, आणि लिहिलेलं असतं आपण.

हॅमचंही तेच. 'सेरानो', म्हणजे साध्या पांढऱ्या डुकराचं हॅम, ते इबेरिको नव्हे, आणि प्रत्येक इबेरिको एकॉर्न (ओकची फळं) खाऊन वाढलेला नसतो. स्पेनच्या २०१४ च्या नियमानुसार इबेरिकोच्या तंगडीला चार रंगांचे बिल्ले लागतात. काळा: १०० टक्के इबेरिको, 'बेयोता', म्हणजे ओकची फळं खाल्लेला. लाल: बेयोताच, पण संकरित जात. हिरवा: मोकळ्या रानात वाढलेला, पण खाद्यही दिलेला. पांढरा: गोठ्यात खाद्यावर वाढलेला. 'पाता नेग्रा' हे नाव फक्त काळ्या बिल्ल्याला लावता येतं. मूळ मेन्यूत 'सेबो' (खाद्यावर वाढलेला) असेल तर 'एकॉर्न-फेड' कितीही चवदार वाटलं तरी लिहायचं नाही. शंका आली तर मी मालकाला बिल्ल्याचा फोटो पाठवायला सांगते. एकदोघे नाराज होतात, बहुतेक जण पाठवतात.

मेन्यू पाठवण्याआधी मी तो बहिणीला फोनवर वाचून दाखवते. तिला स्पॅनिशचं अक्षर येत नाही आणि बहुधा तिला भूक लागलेली असते. 'म्हणजे नक्की काय येणार?' असं तिनं विचारलं की ती ओळ परत करायची. गेल्या खेपेला ती 'फ्राइड मिल्क'वर अडली.

"दूध कसं तळतात गं?"

'लेचे फ्रिता'. दूध, साखर, पीठ घट्ट आटवून थापायचं, थंड झालं की वड्या पाडायच्या, अंड्यात बुडवून तळायच्या आणि वर दालचिनीची साखर. मी ओळ बदलली: 'क्रिस्प फ्राइड कस्टर्ड स्क्वेअर्स, सिनॅमन शुगर'.

"हे कळलं," ती म्हणाली, "पुढचं वाच."