शुगरवाल्यांनी किडनीचा वर्षभराचा हिशोब घरीच कसा ठेवायचा

तैवानमध्ये सरकारी आरोग्य विमा २००१ पासून एक गोष्ट करतोय. शुगरच्या पेशंटचं नाव नोंदवायचं, त्याच्या सगळ्या तपासण्या वेळेवर करायच्या, आणि जो डॉक्टर हे करतो त्याला जादा पैसे. २००६ ला तेच किडनी बरीच खराब झालेल्या पण अजून डायलिसिसवर न गेलेल्यांसाठी सुरू केलं आणि २०११ ला अगदी सुरुवातीच्या टप्प्यातल्यांसाठी पण. म्हणजे पाठपुराव्याचे पैसे. आपल्याकडं गल्लीतल्या डॉक्टरला त्याचे कोण पैसे देत नाही, त्यामुळं हे काम घरातल्या कुणीतरी अंगावर घ्यायला लागतंय.

एक वही घ्या, प्रत्येक पेशंटची वेगळी. तारखा सणांना बांधा म्हणजे विसरत नाही: पाडवा, आषाढी, दसरा, संक्रांत. या चारला एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची तपासणी) आणि बीपी (शुगर नीट कंट्रोलमध्ये असेल तर एचबीएवनसी ६ महिन्यांनी चालतंय). आणि दसऱ्याच्या आधी वर्षाची मोठी तपासणी: क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ताची तपासणी), लघवीचा एसीआर (लघवीतून किती प्रोटीन जातंय ते), कोलेस्टेरॉल, डोळ्याचा पडदा, पायाची संवेदना.

यातलं सगळ्यात जास्त राहून जातंय ते एसीआर. लॅबमध्ये नुसतं लघवी तपासा म्हटलं की रूटीन करतात, त्यात थोडं प्रोटीन जात असेल तर सापडत नाही, म्हणून "युरीन एसीआर" असं स्पष्ट म्हणा, शक्यतो सकाळची पहिली लघवी द्या. ताप, लघवीचं इन्फेक्शन, पाळी असेल किंवा आदल्या दिवशी तालमीत जोर काढला असेल तर पुढं ढकला. ३० च्या वर आला तर लगेच घाबरायचं नाही, ३ ते ६ महिन्यांत परत करायचा, तीनपैकी दोनदा वर आला तर खरा धरायचा.

क्रिएटिनिनच्या शेजारी ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज, क्रिएटिनिन आणि वयावरून काढतात) लिहून घ्या, हे लई महत्त्वाचं. ६५ वर्षांच्या आईचं क्रिएटिनिन १.१ आलं तर रिपोर्ट बघून सगळे नॉर्मल म्हणतात, पण तिचा ईजीएफआर ५६ च्या आसपास येतो, आणि ६० च्या खाली ३ महिने राहिला तर तो किडनीचा आजार.

आकडे बिघडलेत असं दिसलं तर वही घेऊन डॉक्टरकडं जा आणि सरळ विचारा, टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल (किडनीलाही जपणाऱ्या बीपीच्या गोळ्या) द्यायची का, डापाग्लिफ्लोझिन (किडनीलाही जपणारी शुगरची गोळी) चालेल का. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० ला संपलं, आता ती बऱ्याच कंपन्यांची स्वस्तात मिळते, पूर्वी नाही म्हटलं असेल तर परत विचारायला काय हरकत नाही. टेल्मिसार्टन सुरू झाली की दोन-एक आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघायला लागतंय. स्वतःच्या मनानं बंद करू नका.

गुडघे धरले म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅकसारखी दुखण्याची गोळी आणून खाणं बंद, किडनीवाल्याला ते वाईट. गूळ चालतोय असं इथं घराघरात म्हणतात, नाही चालत, शुगर साखरेइतकीच वाढते. रस्सा खा, पण मीठ दिवसाला सगळं मिळून चहाचा एक छोटा चमचा, लोणचं-पापड धरून.

खर्चाचं म्हणाल तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्र आणि सीपीआरला (कोल्हापूरचा मोठा सरकारी दवाखाना) काय काय होतंय ते विचारा. आशाताई ३० वर्षांवरच्यांचे शुगर-बीपीसारख्या आजारांच्या तपासणीचे फॉर्म भरतात, त्यांना कामाप्रमाणं मोबदला मिळतो, तेव्हा त्यांना घरी बोलवा, घरातल्या सगळ्यांचे फॉर्म भरून घ्या.

तैवानमध्ये एक गोष्ट लक्षात आली, डॉक्टर सोपे पेशंट नोंदवायचे आणि चार आजार असलेले मागं राहायचे. घरातही तसंच होतंय. हिंडता-फिरता माणूस लॅबमध्ये जातो आणि गुडघ्यानं अडलेली आजी राहते. वहीचं पहिलं पान तिचं काढा, आणि लॅबवाला घरी येऊन रक्त नेतो का विचारा. ईजीएफआर ३० च्या खाली, एसीआर ३०० च्या वर, किंवा आकडा झपाट्यानं घसरतोय, यातलं काहीही दिसलं तर पुढचा सण येईपर्यंत थांबू नका, त्याच आठवड्यात किडनीच्या डॉक्टरची वेळ घ्या.