समोरचा आनंदाने ‘हो’ म्हणाला. आता इंग्रजीत आभार मानताना या चुका टाळा

मागच्या आठवड्यात एका सहकाऱ्याने ईमेल पाठवण्याआधी मला दाखवला. एका ज्येष्ठ प्राध्यापकबाईंनी नव्या विद्यार्थ्यांसमोर तासभर बोलायचं कबूल केलं होतं. कार्यक्रम दोन दिवसांवर आलेला, तरी कसलेही आढेवेढे न घेता. त्यांना सहकाऱ्याचं उत्तर होतं : ‘नोटेड. थँक यू फॉर युवर कोऑपरेशन. काइंडली बी ऑन टाइम.’ स्पेलिंग बरोबर, व्याकरण चोख. तरी वाचताना असं वाटत होतं की बाईंनी व्याख्यान द्यायचं नाही, दंड भरायचं कबूल केलंय.

विनंती कशी करायची हे आपल्याला शाळेपासून शिकवतात : प्लीज, कुड यू, वुड यू. समोरच्याने हो म्हटल्यावर काय म्हणायचं, हे कोणी शिकवत नाही. मग माणूस पाट्यांवर आणि परिपत्रकांत वाचलेलं इंग्रजी उचलतो, आणि कोणी आपणहून दिलेला होकार वसूल केल्यासारखा दिसतो.

‘कोऑपरेशन’चंच बघा. लिफ्ट बंद आहे, रांगेत उभे राहा, सामान तपासू द्या, थँक यू फॉर युवर कोऑपरेशन. म्हणजे ज्याचे आभार मानतोय त्याला नाही म्हणायची सोयच नव्हती. ‘कॉम्प्लायन्स’ त्याच्याही वरची पायरी, तो नियम पाळल्याबद्दल असतो. ‘अप्रूव्हल’ वरिष्ठ देतात, ‘कन्सेंट’ शस्त्रक्रियेआधीच्या कागदावर सही करून देतात. बाईंनी यातलं काहीच दिलं नव्हतं. त्या बोलायला तयार झाल्या होत्या, तर तेवढंच म्हणावं : ‘थँक यू फॉर ॲग्रीइंग टू स्पीक टू अवर न्यू स्टुडंट्स.’ कशाला हो म्हटलं त्याचं नाव घेतलं की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे त्यांनी पदरची काय तोशीस सोसली याची दखल : ‘इट इज व्हेरी काइंड ऑफ यू टू डू धिस ॲट सच शॉर्ट नोटिस.’ आयत्या वेळी मदतीला धावलेल्या माणसासाठी हे ‘ॲट सच शॉर्ट नोटिस’ फार कामाचं आहे. मी ते वर्षभर वापरतो, कारण आमची सगळी कामं आयत्या वेळचीच असतात.

‘नोटेड’बद्दल वेगळं काय सांगू? तो सूचनेला दिलेला प्रतिसाद आहे. होकारावर ‘नोटेड’ किंवा नुसतं ‘गुड’ लिहिणं म्हणजे वहीत टिकमार्क करून पुढच्या नावाकडे वळणं.

आता ‘आनंदाने’ या शब्दाचं काय करायचं? मराठीत आपण सहज म्हणतो, ‘तुम्ही आनंदाने तयार झालात’. त्याचं इंग्रजी करताना हटकून ‘विलिंगली’ येतं : ‘थँक यू फॉर विलिंगली ॲग्रीइंग’. व्याकरणात चूक नाही, पण हा शब्द मुद्दाम घातला की जबरदस्तीची शक्यताही डोळ्यांसमोर उभी राहते. ‘हा जबाब मी स्वखुशीने देत आहे’ असं वाचल्यावर आपल्याला नेमकी शंका येते ना, तसंच. त्याऐवजी ‘रेडिली’ घ्या : ‘थँक यू फॉर ॲग्रीइंग सो रेडिली.’ एका पायावर तयार झालेल्या माणसाला हे शोभतं. उलट ‘फायनली’ चुकूनही नको. ‘थँक यू फॉर फायनली ॲग्रीइंग’ म्हणजे ‘एकदाचे हो म्हणालात बुवा!’

‘आय ॲप्रिशिएट युवर विलिंगनेस टू हेल्प’ हे वाक्य मात्र छान आहे, फक्त त्यात एक खोच आहे. इथे कौतुक तयारीचं असतं, कामाचं नाही. त्यामुळे समोरच्याची मदत नम्रपणे नाकारतानाही हेच वाक्य वापरतात आणि त्यापुढे ‘बट’ येतो. नुसतं एवढंच लिहून थांबलात तर वाचणारा त्या ‘बट’ची वाट बघत बसतो. मदत खरंच हवी असेल तर पुढे कामाचं बोला : कुठे, कधी, काय.

मराठीतून सरकून येणाऱ्या चुका

‘आल्याबद्दल’मधला ‘बद्दल’ म्हणजे ‘फॉर’, आणि त्यानंतर क्रियापदाला ‘इंग’ लागतं. ‘थँक यू टू कम’ नाही, ‘थँक यू दॅट यू ॲग्रीड’ही नाही. ‘आय ॲम ॲग्री’ तर नकोच, ‘आय ॲग्री’ पुरतं. काम करायला तयार होणं म्हणजे ‘ॲग्री टू’, एखाद्याच्या मताशी सहमत असणं म्हणजे ‘ॲग्री विथ’, आणि चौघांचं एखाद्या तारखेवर एकमत होणं म्हणजे ‘ॲग्री ऑन’. ‘ॲक्सेप्ट’ला नाम लागतं : ‘ॲक्सेप्टिंग अवर इन्व्हिटेशन’ ठीक, ‘ॲक्सेप्टिंग टू कम’ चूक. शेवटच्या ओळीत ‘लुक फॉरवर्ड टू मीट यू’ नाही, ‘टू मीटिंग यू’.

एका काळाने सगळा सूर कसा बदलतो तेही बघण्यासारखं आहे. ‘आय ॲम ग्लॅड यू ॲग्रीड’ म्हणजे तुम्ही तयार झालात याचा आनंद झाला. ‘आय ॲम ग्लॅड यू ॲग्री’ म्हणजे माझंच म्हणणं खरं आहे हे तुम्हालाही पटलं, बरं झालं! दुसऱ्यात किंचित फुशारकी आहे.

‘ऑब्लाइज्ड’ची गंमत

या शब्दावर मी स्वतः आपटलो आहे. एका कार्यक्रमाला यायचं कबूल करणाऱ्या पाहुण्यांना मी लिहिलं होतं, ‘यू आर ऑब्लाइज्ड टू कम, थँक यू’. मनात होतं, तुम्ही येऊन आम्हाला उपकृत करताय. कागदावर उतरलं, तुम्हाला यावंच लागेल, धन्यवाद.

या शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे आणि अर्थ आहे बांधणे. पोर्तुगीज पुरुष आभार मानताना ‘ओब्रिगादो’ म्हणतो तो याच कुळातला, शब्दशः ‘मी बांधला गेलो’. माणूस उपकाराने बांधला जातो तसा सक्तीनेही, आणि इंग्रजीने दोन्ही अर्थ एकाच शब्दात ठेवले. मराठीने कामं वाटून दिली : उपकृत एकीकडे, बांधील दुसरीकडे. इंग्रजीत फरक मागच्यापुढच्या शब्दांवर ठरतो. ‘आय ॲम ऑब्लाइज्ड टू यू फॉर युवर हेल्प’मध्ये ‘टू’नंतर माणूस आहे, म्हणून ते आभार. ‘टू’नंतर क्रियापद आलं की सक्ती. तसाही आभारातला ‘ऑब्लाइज्ड’ आता जुनाट वाटतो. ‘ग्रेटफुल’ वापरा, धोका टळतो.

‘नो’ ऐकून घाबरू नका

‘वुड यू माइंड वेटिंग फॉर टेन मिनिट्स?’ असं एकदा मी फोनवर विचारलं. पलीकडून आलं, ‘नो, नॉट ॲट ऑल.’ मला फक्त ‘नो’ ऐकू आला. मी म्हटलं, ‘ओके, आय विल आस्क समवन एल्स.’ बिचारा गोंधळला. आपण ‘तुमची काही हरकत नाही ना?’ विचारतो आणि ‘नाही’ हेच होकाराचं उत्तर असतं, अगदी तसंच हे. पण परक्या भाषेत आपला कान पहिल्या शब्दाला अडकतो. तिथे म्हणायचं, ‘थँक यू, दॅट इज व्हेरी काइंड.’ काही जण ‘शुअर’ म्हणतात, तोही होकारच. नुसता ‘येस’ आला तर मात्र एकदा विचारून घ्या.

किरकोळ दोनतीन गोष्टी. ‘थँक्स इन ॲडव्हान्स’ होकार येण्याआधी लिहिलं की समोरच्याचा निर्णय आपणच घेऊन टाकल्यासारखं होतं, आणि होकार आल्यावर त्याचा उपयोग नाही. ‘काइंडली’ हा उपकार करणाऱ्याबद्दल दुसऱ्याने वापरायचा शब्द : ‘यू काइंडली ॲग्रीड’ बरोबर, पण ‘आय काइंडली ॲग्रीड’ म्हणजे स्वतःच्याच पाठीवर शाबासकी. तुम्ही स्वतः हो म्हणत असाल तर ‘विथ प्लेझर’, नंतर कोणी आभार मानले तर ‘माय प्लेझर’. आणि रोजच्या मित्राला ‘आय ॲम डीपली ग्रेटफुल’ लिहू नका, त्याला वाटेल कोणीतरी गेलंय. ‘थँक्स फॉर टेकिंग धिस ऑन’ भरपूर झालं.

सहकाऱ्याचा ईमेल शेवटी असा गेला : ‘थँक यू फॉर ॲग्रीइंग सो रेडिली टू स्पीक टू अवर न्यू स्टुडंट्स, ॲट सच शॉर्ट नोटिस टू. वी स्टार्ट ॲट इलेव्हन, अँड आय विल मीट यू ॲट द गेट.’ वेळेवर या हे सांगायची गरजच उरली नाही. बाईंचं उत्तर दहा मिनिटांत आलं : ‘नॉट ॲट ऑल. विल देअर बी अ प्रोजेक्टर?’ त्यावर हा पुन्हा ‘नोटेड’ टाइप करत होता.