आहेराची वही आणि मानवशास्त्राचं पहिलं वर्ष

मानवशास्त्राच्या एम.ए.च्या पहिल्या वर्षाला क्षेत्रकार्यासाठी मी माण तालुक्यातल्या एका गावात दीड महिना राहिले. जाताना पिशवीत छापील प्रश्नावलीच्या ४० प्रती होत्या. सातवा प्रश्न असा होता: 'लग्नात आहेर देण्यामागे आपला हेतू काय असतो?' तीन दिवसांत २२ घरं झाली आणि २२ घरांतून एकच उत्तर आलं. "रीत हाय."

चौथ्या दिवशी, मी ज्या घरी उतरले होते तिथल्या आक्कांनी ट्रंकेतून एक वही काढून माझ्यापुढे ठेवली. लाल कापडी पाठीची, लांबट, वाण्याकडे उधारीची असते तशी. थोरल्या मुलाच्या लग्नातली, १९९४ सालची. नाव, गाव, काय आलं, असे तीन रकाने. ५१ रुपये. २१ रुपये आणि टॉवेल-टोपी. साडी-चोळी. काही नावांपुढे नंतर कधीतरी पेन्सिलीने 'फिटलं' असं लिहिलेलं. मी त्यातल्या एका नावावर बोट ठेवून विचारलं, "आक्का, ह्यांच्यापुढे असं का लिहिलंय?" त्यानंतर त्या पाऊण तास बोलत होत्या.

त्या घराशी बांधावरून वाद झाला होता. पुढे त्यांच्या मुलीचं लग्न निघालं, तेव्हा आक्कांच्या मालकांनी बरोबर ५१ रुपयेच दिले. "तेवढंच्या तेवढं दिलं म्हंजे फिटलं. वर धा-ईस घातलं की ऱ्हातंय." काय राहतं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारायची गरज पडली नाही.

या विषयाकडे नव्याने येणाऱ्या मुलामुलींना मी आधी हाच प्रसंग सांगते. 'हेतू काय' हा माझा प्रश्न होता, त्या गावाचा नव्हता. वहीतलं नाव गावाचं होतं. माणसं आपल्या रीतीची व्याख्या करत बसत नाहीत, पण एखाद्या नेमक्या नावाबद्दल, भांड्याबद्दल, झाडाबद्दल विचारा, ती भरभरून बोलतात. प्रश्नावली वाईट असते असं नाही. ती शेवटच्या आठवड्यात काढायची असते, काय विचारावं हे कळल्यावर.

भेटवस्तूंवरचा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांचा १९२५ चा निबंध आम्हाला पहिल्याच सत्रात होता. देणं बंधनकारक, घेणं बंधनकारक, परत करणं बंधनकारक, हे तीन मुद्दे मी परीक्षेत नीट लिहिले होते, गुणही चांगले मिळाले होते. वही समोर येईपर्यंत मात्र त्यांचा अर्थ मला लागला नव्हता. परत करायचं असतंच, पण कधी आणि किती, यावर दोन घरांचं पुढचं सगळं ठरतं. लगेच परत केलं तर तो अपमान. तेवढंच केलं तर हिशेबही मिटला आणि येणं-जाणंही. थोडं थांबून, थोडं वाढवून केलं, तर दोन्ही घरं एकमेकांच्या देण्यात राहतात. शेतीच्या कामातही हेच दिसलं. सावडीत दिवसाला दिवस मोजतात: मी तुमच्या खुरपणीला एक दिवस आले, तुम्ही माझ्याकडे एक दिवस या. म्हातारी माणसं इर्जिकीच्या आठवणी सांगत. सगळ्यांच्या बैलजोड्या एकाच्या रानात, रात्री त्या घरचं जेवण, दिवस कुणी मोजत नसे. पुस्तकात याला परस्परता म्हणतात आणि अमेरिकी मानवशास्त्रज्ञ मार्शल सालिन्स यांनी तिचे प्रकार पाडले आहेत. ते प्रकार जरूर वाचा. त्याआधी तुमच्या गावातले शब्द गोळा करा.

एकाच जागी राहून, भाषा शिकून, लोकांच्या रोजच्या कामात मिसळून बघणं, म्हणजे सहभागी निरीक्षण, ही या शास्त्राची मुख्य पद्धत. ती रुजवण्याचं श्रेय बहुतेक ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की यांना दिलं जातं. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअंड बेटांवर गावात तंबू ठोकून राहिले. तिथल्या कुला नावाच्या देवघेवीवर त्यांचं १९२२ चं पुस्तक आहे. लाल शिंपल्यांच्या माळा बेटाबेटांतून एका दिशेने फिरतात, पांढऱ्या शिंपल्यांची कडी उलट दिशेने, आणि कुणीच त्या कायमच्या ठेवून घेत नाही. आक्कांची वही पाहिल्यावर मला ती बेटं फार लांबची वाटली नाहीत. मालिनोव्स्कींची खासगी रोजनिशी त्यांच्या मृत्यूनंतर, १९६७ मध्ये छापली गेली. तिच्यात एकटेपणा आहे, ज्यांच्यात राहिले त्या माणसांवरचा वैतागही आहे, काही ठिकाणी फार वाईट शब्दांत. पहिल्या क्षेत्रकार्याआधी विद्यार्थ्याला हे ठाऊक असावं. वैताग येतो. तो लपवू नका, पण नोंदींत मिसळूही देऊ नका.

म्हणून मी तीन वह्या वापरते. एक खिशात मावणारी, फक्त शब्द आणि खुणा टिपायला. दुसरी मोठी, रात्री सविस्तर लिहायला. तिसरी माझी स्वतःची, जिच्यात मी चिडते, रडते, घरची आठवण काढते. रात्रीची नोंद त्याच रात्री झाली पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी माणसांचे शब्द गेलेले असतात आणि त्यांच्या जागी आपले येऊन बसलेले असतात. 'दोन भावांत भांडण झालं' ही नोंद नव्हे. कोण ओट्यावर होतं, कोण अंगणात, पहिला शब्द कुणाचा, सून आत गेली की दारात थांबली, मध्ये कोण पडलं, हे सगळं लिहायचं. आज निरर्थक वाटलेलं सहा महिन्यांनी नेमकं तेच लागतं. नोंदींच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ साली म्हैसूरजवळच्या एका खेड्यात क्षेत्रकार्य केलं. त्या नोंदी त्यांनी वर्षानुवर्षं लावून ठेवल्या होत्या आणि त्यांच्या तिन्ही प्रती १९७० मध्ये स्टॅनफर्डला लागलेल्या आगीत एकदम जळाल्या. त्या खेड्यावरचं पुस्तक त्यांनी मग आठवणीतून लिहिलं.

नातेसंबंधांच्या प्रकरणाला सगळे घाबरतात. पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, लग्नाला दोन समांतर रेघा, अशा आकृत्यांनी पानं भरलेली असतात. मराठी मुलांनी घाबरायचं काहीच कारण नाही, कारण हे प्रकरण आपल्या तोंडात आहे. इंग्रजी 'अंकल'मध्ये काका, मामा, आत्याचे यजमान, मावशीचे यजमान सगळे एकत्र होतात. आपण निदान काका आणि मामा वेगळे ठेवतो. का ठेवतो, इथून अभ्यास सुरू होतो. आता याहून बारीक गोष्ट बघा. सून सासऱ्यांना मामंजी म्हणत आली, सासूला आत्याबाई. आत्याच्या मुलाशी लग्न झालेल्या मुलीची सासू खरोखरच तिची आत्या असते, आणि आत्याच्या यजमानांना बऱ्याच घरांत मामाच म्हणतात. महाराष्ट्रातल्या बऱ्याच जातींत मामाच्या मुलीशी लग्न चालतं, चुलत किंवा मावस बहिणीशी चालत नाही, आणि त्या पद्धतीची खूण या दोन हाकांत राहिली आहे. ज्यांच्याकडे असं लग्न कधी झालं नाही त्या घरांतल्या सुनाही हीच हाक मारत आल्या. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी १९५३ च्या ग्रंथात भारतातल्या नातेपद्धतींचे चार विभाग केले आणि महाराष्ट्र मध्य विभागात घातला. उत्तरेचं काही, दक्षिणेचं काही, अशी आपली जागा. ते वाचताना मला माझ्या आजीचं बोलणं पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

एक युक्ती सांगते. 'तुमची भावकी किती?' असं विचारलं की लोक अंदाजे आकडा सांगतात. 'तुम्हाला सुतक कुणाकुणाचं येतं?' असं विचारा. नावं एकामागून एक येतील आणि घरातली बाई पुरुषाला मध्येच थांबवून दुरुस्त करील. तसंच देवकाचं, म्हणजे लग्नात पुजायच्या कुळाच्या खुणेचं. कळंब की पंचपालवी, हे माहीत असलेलं एखादं म्हातारं माणूस घरात असतंच, आणि एका देवकात लग्न करत नाहीत या नियमावरून कुळांची सगळी गुंफण उलगडते.

आता माझी चूक. दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या एका बाईंनी मला सहज विचारलं, "आमचं त्यात किती लिवलंय?" मी आकडा सांगितला. त्यांच्या आठवणीत रक्कम जास्त होती. संध्याकाळपर्यंत दोन घरांत बोलाचाली झाली आणि वही परत ट्रंकेत गेली. आक्का मला काही बोलल्या नाहीत, ताटही नेहमीसारखंच वाढलं, पण १२ दिवस वहीचा विषय निघाला नाही. एका घरात पाहिलेलं दुसऱ्या घरात बोलायचं नाही, हा नियम मी वर्गात लिहून घेतला होता. तो नियम कागदावरच्या संमतीपेक्षा फार मोठा आहे. संमती एकदा घेऊन भागत नाही. जे दाखवलं ते सांगायला दिलेलं नव्हतं, हे रोज लक्षात ठेवावं लागतं. त्या वहीतल्या एकाही नावाचा, गावाचा उल्लेख माझ्या प्रबंधात नाही.

वही पुन्हा हातात आली तेव्हा मला एक गोष्ट दिसली, जी आधीच दिसायला हवी होती. शेवटच्या दोन पानांवर गावाबाहेरच्या वस्तीतली नावं वेगळी लिहिलेली होती. पुढे फक्त पैसे. कापड एकाही नावापुढे नाही, आणि 'फिटलं' असंही कुठे नाही. विचारलं तर आक्का म्हणाल्या, "ती मागनंच लिवायची." देवघेवीचं जे सुंदर चित्र मी मनात रंगवलं होतं, त्याला ही दोन पानं जोडलेली होती. नवख्यांचा इथे गोंधळ होतो. लोकांकडे त्यांच्या चौकटीतून बघायचं, म्हणजेच सांस्कृतिक सापेक्षता, याचा अर्थ सगळ्याला मान डोलवायची असा नाही. इरावतीबाई पंढरीच्या वारीत चालल्या, त्या वाटेवर त्यांचं मन रमलं, आणि एकाच दिंडीत जातीजातींच्या पंगती वेगळ्या बसतात याचं दुःखही त्यांनी लिहून ठेवलं. दोन्ही एकाच लेखात. मला तेच प्रामाणिक वाटतं. याच बाई १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला वंशवादी मानवशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली शिकायला गेल्या. कवट्या मोजून वंशाचं श्रेष्ठत्व दाखवायचा तो काळ, आणि त्यांच्या मोजमापातून तसं काही निघालं नाही. आपल्या शास्त्राचा हा इतिहास पहिल्याच वर्षी वाचावा, तो वगळून पुढे जाऊ नये.

नोकरीबद्दल सगळे विचारतात, म्हणून थोडक्यात. भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षण, पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था, सार्वजनिक आरोग्याचे प्रकल्प, स्वयंसेवी संस्था, वस्तुसंग्रहालयं, आणि हल्ली ग्राहकांचा अभ्यास करणाऱ्या कंपन्या. स्पर्धा परीक्षेसाठी विषय घेणारे पुष्कळ असतात. त्यांना टिपणांवर भागवता येईल, पण एक आठवडा तरी कुठे जाऊन राहा असं मी त्यांनाही सांगते. पैसा या वाटेवर सावकाश येतो. प्रकल्प संपला की पुढचा शोधावा लागतो.

प्रवेश घेतला असेल तर पहिलं सत्र सुरू व्हायच्या आधी एक काम करा. घरात कुणाच्या तरी लग्नाची आहेराची वही असेलच, आईकडे नाहीतर आजीकडे मागा. त्यातली दहा नावं निवडा. प्रत्येक नावाबद्दल विचारा: हे आपले कोण, त्यांनी काय दिलं होतं, पुढे आपण परत किती दिलं, आज येणं-जाणं आहे का. मग शेवटची पानं बघा. कुणाची नावं वेगळी लिहिली आहेत, कुणाची मुळीच नाहीत, तेही विचारा. सगळं त्याच रात्री, त्यांच्याच शब्दांत लिहून काढा, आणि वही जिथून आली तिथे परत ठेवा.