सर्बियन घरी वाढदिवसाच्या शुभेच्छा कशा द्याव्यात

सर्बियन कुटुंबाकडून वाढदिवसाचे आमंत्रण आले की बहुतेक जण शुभेच्छांच्या दहा-बारा वाक्यांची यादी पाठ करायला बसतात. ती यादी बाजूला ठेवावी. एकच वाक्य, योग्य दिवशी आणि नीट उच्चारलेले, पुरेसे होते. बाकीचे यजमान सांभाळून घेतात.

योग्य दिवस म्हणजे वाढदिवसाचा दिवस किंवा त्यानंतरचा. आगाऊ शुभेच्छा देणे तिथे अशुभ मानले जाते, त्यामुळे प्रवासाला निघायचे असले तरी आदल्या संध्याकाळी संदेश पाठवून मोकळे होऊ नये. उशिरा आलेल्या शुभेच्छांना कोणी नावे ठेवत नाही.

भेट म्हणून वाइनची बाटली, दळलेल्या कॉफीचे पाकीट किंवा चॉकलेटचा खोका चालतो. फुले न्यायची असतील तर ती विषम संख्येतच हवीत, कारण सम संख्येतली फुले अंत्यविधीला नेतात. डझनाच्या हिशोबाने गुलाब घेण्याची सवय असलेल्यांनी ती स्वतः मोजून घ्यावीत. दाराशी बूट काढावेत, सपाता पुढे केल्या तर घालाव्यात.

आता मुख्य टप्पा, ज्याने मलाही सुरुवातीला पुष्कळ छळले. वाक्य आहे ‘स्रेचान रोजेंदान’. यातला ‘चा’ मराठी माणूस सवयीने ‘चांदणे’ किंवा ‘चोर’ यांतल्यासारखा उच्चारतो आणि तिथेच फसतो. तो ‘चहा’तला मऊ च हवा. ‘जें’सुद्धा ‘जेवण’ या शब्दातल्यासारखा मऊ आहे, ‘जोर’मधल्यासारखा नाही. दोन्ही शब्दांतला शेवटचा ‘आ’ आखूड ठेवावा, ओढू नये.

दुसरी अडचण व्याकरणाची आहे आणि इथे भाषांतर करणारी ॲप हमखास गोंधळ वाढवतात. समोर स्त्री असली म्हणून ‘स्रेचान’चे ‘स्रेच्ना’ करू नये. हे विशेषण वाढदिवसाचे आहे, व्यक्तीचे नाही, आणि ‘रोजेंदान’ हा शब्द पुल्लिंगी आहे. बदल होतो तो मधल्या सर्वनामात: मित्राला ‘स्रेचान ति रोजेंदान’, तर वयाने मोठ्या किंवा कामावरच्या वरिष्ठ व्यक्तीला ‘स्रेचान वाम रोजेंदान’. आपल्या ‘तुला’ आणि ‘तुम्हाला’ यांच्यात जेवढे अंतर आहे तेवढेच इथेही आहे, म्हणून यजमानांच्या आजींना ‘ति’ म्हणण्याची चूक कोणत्याही परिस्थितीत करू नये. खात्री नसेल तेव्हा सर्वनाम गाळावे. वाक्य त्याशिवायही पूर्ण आहे.

शेवटी नाव जोडायचे असेल तर ते संबोधनात घ्यावे लागते. इव्हान असेल तर ‘इव्हाने’, पेतार असेल तर ‘पेत्रे’, मिलित्सा असेल तर ‘मिलित्से’. मार्को आणि येलेना मात्र तसेच राहतात. रामाला हाक मारताना आपणही ‘रामा’ म्हणतोच, त्यामुळे मराठी भाषकाला हे अवघड जाऊ नये.

हे वाक्य म्हणत असतानाच हात पुढे करायचा आणि नजर नजरेला द्यायची. जवळच्या घरोब्यात गालाला गाल लावून तीन वेळा आळीपाळीने चुंबन देतात. दोनवर थांबून मागे सरकल्यास समोरची व्यक्ती तिसऱ्यासाठी पुढे आलेली असते आणि नाकावर नाक आपटते, म्हणून तीन होईपर्यंत जागचे हलू नये. पुढाकार यजमानांना घेऊ द्यावा. त्यांनी नुसता हात मिळवला तर आपणही तेवढेच करावे.

जेवणाच्या टेबलावर पेला उचलून, डोळ्यांत पाहत ‘झिवेली’ म्हणावे. पेल्यात श्लिवोवित्सा, म्हणजे आलुबुखाऱ्यापासून गाळलेली कडक दारू असेल तर ती घोट-घोट घ्यावी. न पिणाऱ्याने रसाचा पेला उचलला तरी चालते. शाकाहारी व्यक्तीने आधीच स्पष्ट सांगावे, कारण कोबीच्या पानात गुंडाळलेल्या सार्मात खिमा असतो आणि रशियन सॅलडमध्येही बहुधा हॅम असते. ‘पोस्नो’ म्हणजे उपवासाचे, एवढे सांगून भागत नाही. त्यात मासे चालू शकतात.

एक गल्लत मात्र टाळावीच लागते. आमंत्रण ‘स्लावा’चे असेल तर तो वाढदिवस नव्हे, तर घराण्याच्या संरक्षक संताचा दिवस असतो. अनेक घरांत तो 19 डिसेंबरला, संत निकोलसच्या दिवशी येतो, आणि युनेस्कोने 2014 मध्ये या परंपरेची अमूर्त वारसा म्हणून नोंद केली आहे. त्या दिवशी ‘स्रेच्ना स्लावा’ म्हणावे, कारण हा शब्द स्त्रीलिंगी आहे, आणि पुढे केलेल्या शिजवलेल्या गव्हाच्या गोड पदार्थातला चमचाभर घ्यावा.

बिलाची चिंता पाहुण्याने करू नये: कॅफेत बोलावले असेल तर पैसे ज्याचा वाढदिवस असतो तोच देतो, आणि कार्यालयात सहकाऱ्यांसाठी खाणे-पिणेही तोच आणतो. मात्र बेलग्रेडमध्ये नोकरी करताना तुमचा स्वतःचा वाढदिवस आला, तर सकाळी कार्यालयात जाताना वाटेतल्या बेकरीत थांबावे लागेल.