मोहिमेची फेलोशिप हवी आहे? मग या चुका टाळा

अर्जाचे दिवस आले की मला फोन सुरू होतात. "ताई, तुम्ही ग्रोव्हनर फेलोशिपवर स्वालबार्डला जाऊन आलात ना? तुमचा अर्ज पाठवा की, बघून लिहिते." मी पाठवत नाही. माझ्या अर्जात माझा वर्ग आहे, तो तुमच्या काय उपयोगाचा?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. स्वालबार्ड म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेला आर्क्टिकमधला द्वीपसमूह. नॅशनल जिओग्राफिक सोसायटीचे माजी अध्यक्ष गिल्बर्ट ग्रोव्हनर यांच्या 75व्या वाढदिवसाच्या निमित्ताने 2006 मध्ये ती सोसायटी आणि मोहिमेची जहाजं चालवणारी लिंडब्लाड एक्स्पिडिशन्स ही कंपनी यांनी ही फेलोशिप सुरू केली. शाळेतले शिक्षक मोहिमेच्या जहाजावरून आर्क्टिक, अंटार्क्टिका, गॅलापागोससारख्या ठिकाणी जातात आणि पुढची दोन वर्षं ते अनुभव वर्गात आणि इतर शिक्षकांपर्यंत पोचवतात. ती आहे अमेरिका आणि कॅनडातल्या शिक्षकांसाठी. पुण्या-नाशिकहूनही उत्साहाने फोन येतात आणि मला पहिल्याच वाक्यात नाही म्हणावं लागतं. वाईट वाटतं, कारण तोवर त्यांचा निबंध लिहून झालेला असतो. आधी पात्रता वाचा, तीही यंदाच्या सूचनेतली. मागच्या वर्षी कुणी काय सांगितलं त्यावर जाऊ नका.

अर्जात फक्त स्वतःचं स्वप्न

माझ्याकडे तपासायला येणाऱ्या दहातल्या आठ अर्जांची सुरुवात "लहानपणापासून मला..." अशी असते. पुढे पेंग्विन, हिमनग, उत्तरध्रुवीय प्रकाश. मुलांचा उल्लेख शेवटच्या परिच्छेदात, तोही "मी हे अनुभव विद्यार्थ्यांना सांगेन" एवढाच. सांगणार म्हणजे काय करणार? चाळीस मिनिटांच्या तासात नेमकं काय?

मी न्यू जर्सीत सहावी ते आठवीला भूगोल शिकवते. माझा अर्ज एका मुलाच्या प्रश्नावरून सुरू झाला. नकाशावर बोट ठेवून तो म्हणाला, "लॅब्राडोरचा समुद्र 55 अंशांवर हिवाळ्यात गोठतो, मग 78 अंशांवर स्वालबार्डचं बंदर कसं चालतं?" उत्तर समुद्राच्या प्रवाहांत आहे. लॅब्राडोरला उत्तरेकडून थंड पाणी येतं. स्वालबार्डच्या पश्चिम किनाऱ्याला मात्र अटलांटिकचं उबदार पाणी वर येऊन भिडतं, म्हणून तो बराचसा मोकळा राहतो. तिथून काय मोजून आणीन, कोणत्या धड्याला जोडीन, हे मी त्या प्रश्नाच्या आधाराने लिहिलं. स्वालबार्डमधल्या न्यू-ऑलेसुंदला 2008 पासून भारताचं हिमाद्री संशोधन केंद्र आहे आणि ते चालवणारी संस्था गोव्यात वास्कोला आहे, हेही लिहिलं, कारण माझ्या वर्गात भारतीय घरांतली मुलं बरीच आहेत.

अर्ज लिहिण्याआधी महिनाभर मुलांचे प्रश्न वहीत टिपून ठेवा. "एवढा वेळ नाही हो ताई" म्हणणाऱ्यांना मी सरळ सांगते की यंदा थांबा, पुढच्या वर्षी भरा. आणि संगणकाकडून लिहून घेतलेला निबंध तर मी तपासतच नाही. त्यात वर्गाचा वाससुद्धा नसतो.

व्हिसावरचा तो आकडा

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, कारण ती हुशार माणसं करतात.

स्वालबार्ड नॉर्वेचं आहे, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या क्षेत्रात, नाही. ऑस्लोहून स्वालबार्डच्या मुख्य गावाच्या, लाँगइयरब्येनच्या विमानात बसलात की तुम्ही शेंगेनबाहेर पडता आणि परत येताना पुन्हा आत येता. अमेरिकी पासपोर्टवाल्यांना व्हिसाच लागत नाही, म्हणून सोबतच्या कुणाच्या हे ध्यानातही येत नाही. ग्रीन कार्ड असलं तरी भारतीय पासपोर्टवर किमान दोन प्रवेशांचा व्हिसा हवा.

माझी एक मैत्रीण दुसऱ्या गावी विज्ञान शिकवते. तिची निवड झाली, व्हिसा आला, आम्ही पेढे खाल्ले. प्रस्थानाला तीन आठवडे उरले असताना मी सहज म्हटलं, "व्हिसाचा फोटो पाठव." प्रवेशांच्या रकान्यात 01 होतं. अर्ज भरताना घाईत तिने एकच प्रवेश निवडला होता. आपण एकाच देशात तर जातोय, असं तिला वाटलं. जहाजाचं वेळापत्रक आणि दोन्ही विमानांची तिकिटं जोडून पुन्हा अर्ज, पुन्हा बोटांचे ठसे, रोज सकाळी टपालपेटी उघडणं. नवा व्हिसा बुधवारी आला आणि शुक्रवारी विमान होतं. त्या तीन आठवड्यांत ती एक ओळसुद्धा वाचू शकली नाही.

माझी सवय अशी आहे की निवडीची बातमी आली त्याच दिवशी प्रवासाचा मार्ग कागदावर काढायचा आणि शेंगेनमध्ये आत शिरण्याच्या प्रत्येक ठिकाणी लाल रेघ मारायची. लाल रेघा मोजल्या की किती प्रवेश लागतील ते कळतं.

बाकीच्या किरकोळ

मुख्याध्यापकांची परवानगी तोंडी घेऊ नका, लेखी घ्या. नवे बूट आधी महिनाभर वापरा. बुटांचे तळ आणि वेल्क्रो घरूनच ब्रशने साफ करून न्या, त्यात अडकलेलं गवताचं बी तिथे रुजू शकतं. उलटीची गोळी जहाज हलायच्या आधी घ्यायची असते. थंडीत बॅटरी लवकर उतरते, जादाची अंगाजवळच्या खिशात ठेवा. मोबाईलवर अस्वलाचा फोटो मिळेल ही आशा सोडा. 2025 पासून ध्रुवीय अस्वलापासून किमान 300 मीटर लांब राहावं लागतं, 1 मार्च ते 30 जून या काळात तर 500. दुर्बीण न्या.

नुसते फोटो घेऊन परतणं

इथे माझीच चूक सांगते. मी जूनच्या शेवटी गेले होते. मुलांनी हिशेब करून दिला होता की 21 जूनच्या सुमारास लाँगइयरब्येनला दुपारचा सूर्य साधारण 35 अंशांवर असेल आणि मध्यरात्रीचा 12 अंशांच्या आत. म्हणजे एक मीटर काठीची सावली दुपारी 1.4 मीटर, मध्यरात्री जवळजवळ 5 मीटर. मी पोचले त्या दिवशी दुपारची सावली मोजली. रात्री सूर्य ठीक उत्तरेला येतो तेव्हा तिथल्या घड्याळात एक वाजत आलेला असतो. मी प्रवासाने थकले होते, "जरा पडते" म्हणून आडवी झाले आणि उठले ती सकाळी. दुपारी जहाज सुटलं.

परत आल्यावर मी चारशे फोटो दाखवले. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "रात्रीची सावली?" माझ्याकडे आकडा नव्हता.

आता जाणाऱ्या प्रत्येकीला मी काठी, टेप आणि गजर लावलेलं घड्याळ न्यायला सांगते. रोज ठरलेल्या वेळी वेळ, अक्षांश-रेखांश आणि तापमान वहीत लिहायला लावते, कारण अंधारच पडत नाही तिथे दिवस कधी संपला ते कळत नाही. व्हिसावाल्या मैत्रिणीने रात्री एक वाजता काठी उभी केली आणि माझ्या वर्गासाठी माप पाठवलं, 4 मीटर 80. मुलांनी ते फळ्यावर आपल्या आकड्याशेजारी लिहिलं आणि उरलेला तास फरक कशाने पडला यावर भांडण्यात गेला.