पोर्टीच्या आजी-आजोबांकडून जुन्या आठवणी कशा काढून घ्यायच्या

पोर्टोबेलो म्हणजे एडिनबराचा समुद्रकिनारा, तिथले लोक लाडाने पोर्टी म्हणतात, १८९६ मध्ये शहरात सामील झालं तरी जुनी माणसं अजून वेगळं गाव असल्यासारखीच बोलतात. अशा माणसांच्या आठवणी लिहून घ्यायच्या असतील तर पहिली गोष्ट, "तुमच्या आठवणी सांगा" असं अजिबात विचारू नका. मी विचारलं होतं. उत्तर आलं, "छान होतं हो," आणि विषय संपला.

त्यापेक्षा विचारा, पोहून बाहेर आल्यावर काय खायचात? थंडगार पाण्यातून कुडकुडत बाहेर आल्यावर जे तोंडात टाकायचं त्याला स्कॉटलंडमध्ये चिटरी बाइट म्हणतात, आणि हा शब्द काढला की आजी एकदम दहा वर्षांच्या होतात, मग टॉवेल कोणाचा, आई कुठे बसायची, भाऊ कसा रडला, सगळं आपोआप येतं.

मग ओपन एअर पूलवर या. १९३६ ला सुरू झाला, १९७९ ला बंद पडला, आत लाटा करणारं मशीन होतं आणि पाणी शेजारच्या पॉवर स्टेशनच्या उष्णतेवर तापवायचे. कागदावर पाणी कोमट, पण ज्याला विचाराल तो सांगणार बर्फ होता बर्फ! भांडत बसू नका, दोन्ही लिहा. जेम्स बाँडचं काम करणारा नट शॉन कॉनरी तिथे लाइफगार्ड होता, त्यामुळे "मला त्याने ओरडलं होतं" हे बरेच जण सांगतील, तेव्हा साल विचारून घ्या, तो पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीचा काळ.

साल पकडायला आठवणीत आलेली नाणी कामाला येतात, पण जपून. १५ फेब्रुवारी १९७१ ला शिलिंग-पेन्सचा जुना हिशोब गेला, म्हणून सिक्सपेन्स ऐकलं की आपण लगेच १९७१ च्या आधीचं धरतो, पण ते नाणं अडीच नव्या पेन्सच्या भावाने १९८० पर्यंत चालत होतं.

जाताना जुना नकाशा प्रिंट करून न्या, नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवर फुकट बघता येतात. टेबलावर पसरला की बोट आपोआप फिरायला लागतं. आणि रेकॉर्डिंग घरीच करा, कॅफेत नको, माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये आजी कमी आणि कॉफी मशीन जास्त आहे. रेकॉर्ड करू का, नाव टाकू का, हे आधीच विचारायचं हे वेगळं सांगायला नको.

त्यांचे शब्द तसेच ठेवा. हार म्हणजे आपला फुलांचा नव्हे, समुद्रावरून येणारं गार धुकं, तिथे "धुकं" लिहिलंत तर पोर्टीची चवच गेली.

लिहून झालं की परत जाऊन वाचून दाखवा, ही पायरी कंटाळा करून सोडू नका. मी "जीली पीस" ऐकून मस्त "जेलीचा तुकडा" लिहून बसलेलो. आजी पोट धरून हसल्या. जीली म्हणजे जॅम, पीस म्हणजे सँडविच, आणि त्यांची चिटरी बाइट तीच होती, वाळूसकट.